काळी, पांढरी आणि काचेची

माझ्या आजोळी म्हातारी माणसं जमिनीचे दोनच भाग सांगायची. घरं उभी ती पांढरी, पीक उभं ती काळी. माणसानं पांढरीत राहायचं आणि काळीवर पोट भरायचं. पण या दोहोंच्या पलीकडे आणखी एक जमीन होती, तिला रंगाचं नाव नव्हतं. मुरमाड, उताराची, जागोजाग तरवड आणि बोरी, पावसाळ्यात गुडघाभर मारवेल आणि कुसळी. ते गायरान. सकाळी गावची गुरं वेशीपाशी गोळा व्हायची, गुराखी त्यांना माळावर न्यायचा आणि त्याच्या वर्षाच्या कष्टाचं धान्य त्याला घरोघरच्या खळ्यावरून मिळायचं. बायका पाट्या घेऊन मागून शेण वेचत जायच्या. आजीच्या चुलीतल्या निम्म्या गोवऱ्या त्या माळाच्या असत.

गेल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा त्याच माळावर मोजणीचे खुंट ठोकलेले दिसले. वीस एकर, पाच मेगावॉट, सौर. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिथला ठराव अजून व्हायचा आहे आणि माझ्या लिहिण्यानं कुणाची अडचण व्हायला नको.

मामा खूश होता. त्याचं वय साठीच्या पुढे, तरी एक आठवडा दिवसाची पाळी आणि एक आठवडा रात्रीची, हे त्याला चुकलेलं नाही. रात्रीची लाइन आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघायचं. हिवाळ्यात पाय बधिर होतात. उसात रानडुक्कर आहे की बिबट्या, हे अंधारात कळत नाही. सापाचं तर विचारूच नका. दिवसा लाइन मिळाली तर माझं आयुष्य पाच वर्षांनी वाढेल, असं तो म्हणाला, आणि ते मला शब्दशः खरं वाटलं.

शेजारचे आबा गप्प होते. त्यांची साठेक मेंढरं त्याच माळावर चरतात. त्यांचा प्रश्न एकच होता: खुंटांच्या जागी कुंपण आलं की मेंढरं कुठं न्यायची? त्या दोन दिवसांत मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला, त्यांपैकी कुणापाशीच उत्तर नव्हतं. मामाचं खरं आहे आणि आबांचंही खरं आहे. दोघांना एका ओट्यावर बसवून जमिनीचा निर्णय करणारी जागा गावात आहे का, हे मी तेव्हापासून शोधतो आहे.

मामाच्या बाजूची योजना आधी समजून घेऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 सालची. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीत उभा राहिला. 2023 च्या मे महिन्यात तिची दुसरी आवृत्ती आली आणि मग कामाला वेग आला. कल्पना चांगली आहे. शेतीपंपांना वीज देणाऱ्या 33/11 केव्हीच्या उपकेंद्राजवळच पॅनेल लावायची, तिथली वीज तिथल्याच कृषी फिडरवर सोडायची. मोठी धरणं नाहीत, शेकडो मैलांच्या तारा नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. तीन मेगावॉटच्या त्या प्रकल्पानं आसपासच्या पाच गावांतल्या सतराशेवर शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. महाराष्ट्रात शेतीपंपांची संख्या 45 लाखांच्या घरात आहे. त्यांपैकी प्रत्येकाच्या मागे अंधारात उभा असलेला एक माणूस धरला, तर या योजनेला विरोध करायला जीभ रेटत नाही. माझीही रेटत नाही.

प्रश्न जागेचा आहे. मेगावॉटला साधारण चार एकर लागतात. उपकेंद्र जिथे आहे तिथून काही किलोमीटरांच्या आत ती जागा हवी, म्हणजे निवड आधीच आवळलेली. खासगी जमीन घेतली तर योजनेनुसार शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि त्यावर दरसाल 3 टक्के वाढ. सरकारी जमीन घेतली तर भाडं नाममात्र, वर्षाला एक रुपया. आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा काय, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहिलं की कळतं. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून सरकार, आणि इतर हक्कांत गुरेचरण.

मी आजोळच्या ओसरीवर बसून वहीच्या पाठच्या पानावर हिशेब मांडला. वीस एकर म्हणजे आठ हेक्टर. तेवढीच जमीन एखाद्या शेतकऱ्याची असती तर पहिल्या वर्षी दहा लाख रुपये मिळाले असते. 3 टक्क्यांची वाढ धरून 25 वर्षांत, म्हणजे वीजखरेदी कराराच्या पूर्ण मुदतीत, ही रक्कम 3 कोटी 64 लाखांवर जाते. जमीन गावाची म्हणून भाडं एक रुपया. ग्रामपंचायतीला सार्वजनिक कामांसाठी अनुदान आहे, वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. एकूण 15 लाख. चौथ्या वर्षापासून पुढची 22 वर्षं पंचायतीच्या वाट्याला या खात्यावर काही नाही, आणि माळ मात्र 25 वर्षं कुंपणात.

हा हिशेब मी मामाला दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, आपली कुणाची जमीन असती तर आपण अशी दिली असती का?

गायरान ही पडीक जागा, ही समजूत कागदानं रुजवली आहे. शेतसारा वसूल करणाऱ्या यंत्रणेला ज्या तुकड्यातून सारा येत नव्हता, तो तिनं पोटखराब किंवा पडीक म्हणून लिहिला. पण आबांच्या साठ मेंढरांचं दूध, लोकर, मांस आणि खत, बायकांच्या गोवऱ्या, पावसाचं पाणी जिरवून खालच्या विहिरींना आधार देणारा तो उतार, यांची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. उन्हाळ्यात शेतकरी मेंढरांचा कळप रानात बसवतो आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे माळावर खाल्लेलं गवत रात्री काळीत लेंडीखत होऊन उतरतं. मेंढरं गेली तर ती काळीही उपाशी राहते.

कायद्यानं गायरानाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं शासन निर्णय काढला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 22-अ आलं. गायरान दुसऱ्या वापराला द्यायचं नाही, हा त्यातला नियम. सार्वजनिक प्रकल्पाला, दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्धच नसेल तर देता येतं, हा अपवाद. सौर प्रकल्प सार्वजनिक कामाचा आहे यात वाद नाही. पण दुसरी जमीन उपलब्ध नाही, हे कुणी तपासायचं आणि गावाला ते कुठे पाहायला मिळायचं? उपकेंद्राच्या शेजारची खारवट पट्टी, जुन्या खाणीचा खड्डा, बंद पडलेल्या कारखान्याचं आवार, यांचा विचार झाला का? ते उत्तर लेखी, मराठीत, पंचायतीच्या फळ्यावर लागायला हवं. आजोळच्या फळ्यावर फक्त मोजणीची तारीख होती.

आणखी एक माणूस या माळावर आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. मराठवाड्यात अनेक गायरानांच्या कडेचे तुकडे भूमिहीन दलित कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या कसले आहेत. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच जमिनीसाठी. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी गायरानाच्या हक्कासाठी आयुष्य घातलं. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याची वाट उघडली, पण हातात सातबारा न आलेली कितीतरी घरं आजही आहेत. सौर प्रकल्पाची मोजणी येते तेव्हा त्यांच्या तुरीला नकाशात जागा नसते. कागद नाही म्हणून मोबदला नाही. ज्या गावानं या माणसांना शंभर वर्षं काळीत शिरू दिलं नाही, त्या गावानं त्यांना आता माळावरूनही उठवायचं, हे सूर्याच्या नावानं व्हावं याची मला लाज वाटते.

आक्षेप घ्यायला जागा कोणती? औष्णिक वीजकेंद्र असतं तर पर्यावरण परवानगी लागली असती आणि तिच्या वाटेवर जनसुनावणी. सौर प्रकल्प 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या बाहेर आहेत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्यांना 2016 मध्ये पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या वर्गात घातलं. धूर नाही, राख नाही, हे बरोबर. पण सुनावणी फक्त धुरासाठी नव्हती. गावानं अधिकाऱ्यासमोर उभं राहून, इतिवृत्तात लिहिलं जाईल अशा आवाजात बोलायची ती एक जागा होती. तीही गेली. तालुक्याच्या प्रादेशिक योजनेच्या नकाशात आजोळचं गाव नुसतं हिरवं रंगवलेलं आहे. शेतीक्षेत्र. त्या हिरव्यात काळी कुठली आणि चराई कुठली, हे नकाशा सांगत नाही.

उरते ग्रामसभा. तिची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती. पहिली सभा माणसांअभावी तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग दहा-बारा जण बसतात आणि ठराव होतो. आबा त्या वेळी माळावर असतात. मेंढरं सोडून सभेला यायचं कसं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं कायदा सांगतो. शेण वेचणाऱ्या बायकांना विचारलं, तर अशी सभा त्यांच्या आठवणीत नव्हती.

खासगी जमीन भाड्यानं घेतली की सगळं सुटतं असंही नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात, तुमकुरू जिल्ह्यात पावगडला 2,050 मेगावॉटचं सौर उद्यान उभं राहिलं. पाच गावांची सुमारे 13,000 एकर जमीन संपादन न करता भाडेपट्ट्यानं घेतली. एकरी वर्षाला 21,000 रुपये, ठरावीक मुदतीनं वाढ. सततच्या दुष्काळात होरपळलेल्या जमीनमालकांना ते पैसे देवासारखे आले, आणि मालकी त्यांच्याकडेच राहिली. या बाजूनं पावगड हा देशासाठी चांगला धडा आहे. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला भाडं नाही. खुरपणीची, काढणीची मजुरी गेली. मेंढरं पाळणाऱ्यांना चराईसाठी लांब जावं लागलं, कळप विकावे लागले. जमिनीचं भाडं जमीनवाल्याला मिळतं, आणि जमिनीवर जगणारी माणसं त्याच्याहून कितीतरी जास्त असतात.

आणि विखरण विसरता येत नाही. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव. औष्णिक म्हणून सुरू झालेला तिथला वीज प्रकल्प पुढे सौर झाला. तिथले 84 वर्षांचे धर्मा पाटील पाच एकरांना मिळालेल्या सुमारे चार लाखांच्या मोबदल्याविरुद्ध दाद मागत वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होते. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, 28 तारखेला ते गेले. शेजारच्याला जास्त का आणि मला कमी का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते विचारायला त्यांना आपलं गाव सोडून मुंबईच्या इमारतीत जावं लागलं, यात सगळं आलं.

इतर देशांत हे भांडण वेगळ्या नावानं चालतं. अमेरिकेत ओहायो राज्यानं 2021 मध्ये कायदा करून परगण्यांना मोठे सौर प्रकल्प आपल्या हद्दीत नाकारायचा अधिकार दिला, आणि अनेक परगण्यांनी तो वापरला. शेजारच्या मिशिगननं उलट दिशा धरली. स्थानिक मंडळांनी अडवाअडवी फार केली तर मोठ्या प्रकल्पांना राज्याच्या आयोगाकडे दाद मागता येईल, अशी सोय करणारा कायदा 2023 मध्ये झाला आणि 2024 च्या नोव्हेंबरअखेर लागू झाला. पण तो वाचताना माझं लक्ष त्यातल्या बारीक मापांवर गेलं. प्रकल्पात नसलेल्या शेजाऱ्याच्या घरापासून पॅनेल 300 फूट दूर हवीत, त्याच्या बांधापासून 50 फूट. आवाज किती, कुंपण किती उंच, मुदत संपल्यावर सगळं उचलून नेण्यासाठी पैशांची हमी कशी, हे सगळं लिहिलेलं. राज्याची परवानगी मिळाली तरी स्थानिक मंडळाला मेगावॉटला 2,000 डॉलर द्यायचे, हेही. अधिकार वर गेला, तरी अटी मोजून लिहिल्या गेल्या. आपल्याकडे अटींची ही जागा रिकामी आहे.

आजोळच्या माळावर उभं राहून मला लिहिण्याजोग्या कितीतरी गोष्टी दिसल्या. खुंटांच्या रेषेनं जुनी पाणंद मधोमध कापली आहे. या पाणंदीनं वरच्या अंगाच्या सात शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आणि आबांची मेंढरं तळ्यावर उतरतात. कुंपण तसंच घातलं तर दीड मैलाचा फेरा पडेल. तिथे कुंपण दुभंगून वाट सोडायची की नाही, हे कागदावर ओळीभराचं काम आहे आणि माळावर रोजच्या तासाभराचं. पॅनेल धुवायला पाणी लागतं. पाच मेगावॉटला नऊ हजारांच्या आसपास पॅनेल लागतील. पॅनेलला दोन लिटर धरलं तरी एका धुण्याला अठरा हजार लिटर झाले. ज्या गावात मार्चपासून टँकर येतो, तिथे हे पाणी कुठल्या विहिरीतून काढायचं? माळ सपाट केला की उताराचं पाणी एकाच तोंडानं खालच्या शेतात घुसेल, त्याला चर कोण खोदणार? पॅनेल थोडी उंच बसवली तर खाली गवत वाढतं आणि मेंढरं चरू शकतात. परदेशी अनेक सौर प्रकल्पांत गवत आटोक्यात ठेवायला मेंढरंच सोडतात. आपल्याकडे परभणीत कृषी विद्यापीठाच्या सहभागानं पॅनेलखाली पिकं घेण्याचा प्रयोग झाला आहे. मग निविदेत आबांच्या मेंढरांसाठी फाटकाची एक ओळ का असू नये? पंचवीस वर्षांनी निकामी झालेल्या काचेचं काय, हाही प्रश्न आहेच. 2022 चे ई-कचरा नियम सौर पॅनेलना लागू आहेत, पण तोवर करार करणारी कंपनी कुणाच्या हातात असेल हे गावाला कसं कळणार?

हे सगळं शोधताना मला नवा कायदा लागेल असं वाटत होतं. पण जुन्या संहितेतच एक विलक्षण गोष्ट सापडली. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या दहाव्या प्रकरणात, कलम 161 मध्ये, निस्तारपत्रक आहे. विदर्भातल्या वाचकांना शब्द ओळखीचा असेल. गावातल्या सगळ्या बिनभोगवट्याच्या जमिनीचं व्यवस्थापन कसं करायचं, गुरं कुठे आणि कोणत्या अटींवर चारायची, जळण, मुरूम, माती, दगड कुणी कसा घ्यायचा, हे सगळं त्यात लिहायचं. जिल्हाधिकाऱ्यानं मसुदा करून तो गावात प्रसिद्ध करायचा आणि गावकऱ्यांची इच्छा जाणून मगच कायम करायचा. गावाची इच्छा हे कायद्यातलं पाऊल आहे. शेजारीच कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे, रस्ते, पाणी, मासेमारी अशा वहिवाटींची नोंद. आबांची पाणंद त्यात बसली असती. ही कलमं फक्त विदर्भापुरती आहेत. माझं आजोळ त्याच्या सीमेच्या अलीकडे, मराठवाड्यात. तिथे निस्तार शब्द बोलण्यातही नाही.

मग मला वाटू लागलं, की आपण क्षेत्रविभाजन म्हणून जे परदेशातून आणू पाहतो ते आपल्याकडे होतं. काळी, पांढरी, गायरान, देवराई, मसणवटा, पाणंद. प्रत्येकीचा वापर ठरलेला आणि वापरणाराही ठरलेला. त्यात अन्यायही होता. गावकुसाबाहेरची वस्ती हेही विभाजनच होतं. म्हणून जुनं जसंच्या तसं नको. पण सौर प्रकल्प येण्याआधी प्रत्येक गावानं आपल्या सामायिक जमिनीचा असा एक कागद करावा, भूमिहीनाची तूर, मेंढराची वाट आणि बायकांचं जळण त्यात नावानिशी यावं, आणि उपकेंद्राभोवतालची जागा निवडताना जिल्हा समितीला तो उघडावाच लागावा, एवढं मराठवाड्यालाही मिळायला हवं. विदर्भाला जे 1966 पासून आहे ते बाकीच्या महाराष्ट्राला द्यायला फार मोठी अडचण असू नये.

प्रकल्पवाले यावर म्हणतात की उशीर होईल. होईल, काही महिने. पंचवीस वर्षांच्या करारापुढे ते मला जास्त वाटत नाहीत. मामाचा एक हिवाळा मात्र त्यात जाईल, हे मी विसरत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मामानं मला वही आणून दिली आणि ग्रामसभेसाठी अर्ज लिहून दे म्हणाला. सही त्याची, म्हणजे प्रकल्प हवा असणाऱ्याची. आबांना त्यानं जेवायलाच बोलावलं होतं. आम्ही कंदिलाशेजारी बसलो, कारण लाइन नव्हती. पहिला मुद्दा आबांनी सांगितला, पाणंद सोळा फूट सोडावी. दुसरा मामीनं, धुण्याचं पाणी गावच्या विहिरीतून घेऊ नये. भाडं खासगी जमिनीच्या दरानं पंचायतीच्या खात्यात यावं, हा मामाचा. कडेच्या तीन घरांच्या तुरीचा मुद्दा मी लिहिला आणि दोघांकडे पाहिलं. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, लिही, आणि त्यांनाही सहीला बोलवू.

साडेदहाला लाइन आली. मामानं बॅटरी उचलली आणि मोटार चालू करायला रानात निघाला. आबा त्याच्याबरोबर काठी टेकत पाणंदीपर्यंत गेले.